गांडुळांनी सोडलेली काजं

चाळीस वर्षं माणसांची मापं घेतलेल्या माणसानं म्हातारपणी गांडुळाचं माप घेतलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मास्तरांना काही केल्या कळेना. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बाल्कनीच्या फरशीवर सरळ पसरली आणि गांडूळ आपण होऊन लांब होईपर्यंत वाट पाहत उकिडवे बसले.

"साडेतीन इंच," ते गंभीरपणे म्हणाले. "खांदा नाही, कंबर नाही, गळा नाही. असं गिऱ्हाईक आधी मिळालं असतं तर माझे केस एवढे पिकले नसते."

"ती टेप धुऊन ठेवा," स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको म्हणाली. "उद्या तीच कुणाच्या तरी गळ्याला लावाल."

"मी आता कुणाच्या गळ्याला लावतोय?"

ती परत ओट्याकडे वळली.

घर तिसऱ्या मजल्यावर आणि दुकान त्याच इमारतीच्या तळाशी. कापायचं एक मोठं टेबल, दोन मशिनी, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि खुंट्यांवर लटकणारे दुसऱ्यांचे कपडे. गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. मास्तर कापायचे छान, शिवायचेही छान, पण त्यांचा खरा अभिमान होता काजांचा. काज म्हणजे बटण जातं ती चीर. तिच्या कडेनं दोऱ्याचा वेढा घालावा लागतो, टाक्याला टाका चिकटून आणि प्रत्येक टाक्याला एक गाठ, नाहीतर चार धुण्यांत कापड उसवतं. आता हे काम मशीन अर्ध्या मिनिटात करतं. मास्तर हातानं करायचे. एका काजाला पंचवीस मिनिटं.

आठ महिन्यांपूर्वी एका वकिलांच्या काळ्या कोटाचं पहिलं काज घालताना त्यांचा उजवा हात थरथरला. त्यांनी सुई खाली ठेवली, पाणी प्यायले, पुन्हा घेतली. हात पुन्हा थरथरला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं नाही म्हणजे काय? ज्याचं सगळं आयुष्य सुईच्या टोकावर उभं त्यानं नाही घाबरायचं तर कुणी? मास्तरांनी तो कोट खुंटीला लावला, दोऱ्यांचा खण कुलूप लावून बंद केला आणि तिसऱ्या मजल्यावर येऊन बसले ते बसलेच. वकीलसाहेब मात्र चिवट निघाले. "मशीनचं काज नको," ते म्हणाले, "मी थांबतो." कोट काजांवाचून लटकत राहिला.

दुकान मग सून बघायला लागली. मुलगा कामानिमित्त सारखा फिरतीवर, त्याला सुईचं डोकं कुठलं आणि टोक कुठलं हे ठाऊक नाही. सून आल्टरेशन करायची, चेन बदलायची, पँटी आखूड करायची. शर्ट शिवले तर काजांसाठी गल्लीच्या टोकाला असलेल्या मशीनवाल्याकडे पाठवायची. तिनंही लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एकदा हातानं काज घातलं होतं. मास्तरांनी ते दोन गिऱ्हाइकांसमोर उजेडात धरलं आणि विचारलं, "हे काज आहे का उंदरानं कुरतडलंय?" गिऱ्हाइकं हसली. सूनही हसली. त्यानंतर तिनं त्यांच्यासमोर कधी काजाला हात लावला नाही. मास्तर ती गोष्ट दुसऱ्याच दिवशी विसरले होते.

तर अशा रिकाम्या बसलेल्या माणसानं घरात जे करायचं ते मास्तर करत होते. टॉवेलांच्या घड्या उलगडून नव्यानं घालत होते. भाजीचे तुकडे एकसारखे नाहीत म्हणून बायकोला नावं ठेवत होते.

"अहो, काहीतरी उद्योग शोधा," ती एक दिवस म्हणाली, "नाहीतर मी तरी खाली दुकानात जाऊन बसते."

उद्योग दिला कोपऱ्यावरच्या रोपवाल्यानं. सुनेनं त्याच्या विजारीच्या गुडघ्यांना ठिगळं लावून दिली होती. त्यानं आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून मूठभर लालसर गांडुळं आणून दिली. "मास्तर, घरचा ओला कचरा ह्यांना घाला. तीन-चार महिन्यांत असं खत देतील की बघत राहाल. त्रास काही नाही. आवाज नाही, भुंकणं नाही."

मास्तरांनी रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या मिळवल्या. वरच्या बादलीच्या तळाला भोकं पाडायची, ती खालच्या बादलीत बसवायची, म्हणजे जास्तीचं पाणी खाली निथळतं. दुसऱ्या कुणी दहा भोकं पाडली असती. मास्तरांनी खडूनं इंचाइंचावर खुणा केल्या, टोकदार आर तापवून प्रत्येक खुणेवर टेकवली आणि जळक्या प्लॅस्टिकच्या वासानं बायकोला ठसका लागेपर्यंत छत्तीस भोकं पाडली. मग गादीसाठी वर्तमानपत्र फाडायला घेतलं. इथे त्यांना एक शोध लागला. फाडायला हात थरथरला तरी चालतं. कागदाचा आडवा-उभा कल एकदा ओळखला की तो आपण होऊन सरळ फाटत जातो. त्यांनी अख्खी रद्दी फाडली, प्रत्येक पट्टी एक इंचाची.

"गांडुळांना काय कळतंय इंच का दोन इंच?" बायको म्हणाली.

"मला कळतंय ना."

पट्ट्या भिजवून, पिळून, त्यावर मूठभर माती, बटाट्याची सालं, चहाचा चोथा, असं सगळं नीट अंथरून त्यांनी गांडुळं आत सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोची हाक आली.

"अहो, तुमची गिऱ्हाइकं निघाली! तिघंजण न्हाणीघराच्या दारात आहेत. कपडे आवडले नाहीत वाटतं."

मास्तर धावले. झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी पंधरा-वीस चिकटली होती. त्यांनी एकेक गांडूळ कागदाच्या पट्टीवर उचललं, परत आत ठेवलं आणि चपला उलट्या-सुलट्या घालून रोपवाल्याकडे गेले. रोपवाल्यानं विचारलं, "पाणी किती घातलंत?"

"दिवसातून चार वेळा शिंपडतो. इस्त्रीच्या आधी कापडावर शिंपडतात तसं."

"अहो, बुडायला लागली ती! कोरडा कागद घाला आणि चार दिवस झाकण उघडू नका."

कागद लगेच घातला. चार दिवस झाकण न उघडणं हे मात्र आठ दिवसांच्या तापासारखं काढावं लागलं.

पुढची चूक शिंपीच करू शकतो. दुकानात कातरणांचं पोतं भरलेलं असायचं. मास्तरांनी विचार केला, कापड म्हणजे कापूस, कापूस म्हणजे झाडाचंच फूल, मग कागदाऐवजी हेच का नको? त्यांनी दोन ओंजळी कातरण बादलीत दडपली. तीन आठवड्यांनी उकरून पाहिलं तर काही तुकडे मऊ पडून विरत आलेले आणि बाकीचे गुलाबी, निळे, हिरवे, जसेच्या तसे, जणू आत्ताच कात्रीखालून आले. मास्तर काड्यापेटी घेऊन बसले आणि पोत्यातला एकेक तुकडा जाळून पाहू लागले. सुती जळलं की कागदासारखा वास येतो आणि बोटांत मऊ राख राहते. बनावट धाग्याचं कापड जळत नाही, ते आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. व्यापाऱ्यानं 'शुद्ध सुती' म्हणून गळ्यात मारलेल्या एका चौकड्याच्या कापडाचाही मणी झाला.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "मला डोळे आहेत, चष्मा आहे, चाळीस वर्षांचा अनुभव आहे, आणि मला फसवलं. ह्यांना डोळेच नाहीत, ह्यांना कुणी फसवू शकत नाही."

चष्म्यावरून आठवलं. दुकानाच्या शेजारचा गाळा चष्मेवाल्याचा. माणूस गोड, बोलणं त्याहून गोड. त्याला मधली भिंत पाडून डोळे तपासायची खोली काढायची होती. तो वर येऊन म्हणाला, "मास्तर, तुमचं काम आता थांबलंच आहे. गाळा मला द्या. घाई नाही, पण काय ते एकदा सांगा."

मास्तर त्या वेळी बादलीत हात घालून बसले होते. नाही म्हणायला कारण सापडेना आणि हो म्हणायला जीभ उचलेना. ते म्हणाले, "हे खत तयार झालं की सांगतो."

तेव्हापासून चष्मेवाला दर आठवड्याला जिन्याखालून विचारायचा, "झालं का खत?" आणि मास्तर वरून म्हणायचे, "शिजतंय."

बायकोनं एका संध्याकाळी विषय काढला. "दुकान देऊन टाकणार तुम्ही?"

"मग काय करू? शिंप्याचं दुकान म्हणजे शिंप्याचा हात. माझा गेला. घरात दुसरा हात नाही."

"सुनेला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? पँटी आखूड करणं म्हणजे शिवणकाम नव्हे. पोरगी कष्टाळू आहे, पण काजासाठी मशीनवाल्याकडे धावते. वकिलांचा कोट तिथेच लटकतोय बघ."

"आणि तिला ते दुकान हवं असेल तर?"

"ती कुठे तसं म्हणाली?"

"तुम्ही कुणाला म्हणू दिलंय आजवर?" बायकोनं विचारलं आणि आणखी काही बोलायच्या आत ओठ घट्ट मिटून घेतले. तिला काहीतरी ठाऊक होतं आणि ते न सांगण्याचं वचन तिनं कुणाला तरी दिलं होतं, एवढं कुणाच्याही लक्षात आलं असतं. मास्तरांच्या आलं नाही.

सून मात्र रोज दुपारी वर येताना दुकानातल्या चहाचा चोथा न चुकता आणायची, अंड्यांची टरफलं बारीक कुटून द्यायची. ज्या खतावर दुकानाचा निकाल लागणार, त्याच खताला ती रोज खाऊ घालत होती. एकदा तिनं विचारलं, "बाबा, अजून किती दिवस लागतील?"

"दोन महिने. का गं?"

"काही नाही, सहज," ती म्हणाली आणि टरफलं जरा जास्तच बारीक कुटली.

त्याच सुमारास मास्तरांचा पांढरा शर्ट फाटला. साधासुधा शर्ट नव्हता तो. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः कापलेला, स्वतः शिवलेला, अस्सल सुती, आणि पुढच्या पट्टीवर हातानं घातलेली सहा काजं. बारा वर्षं ते तो शर्ट घालत होते आणि बारा वर्षं भेटेल त्याला छाती पुढे काढून दाखवत होते, "बघा, एक टाका हललेला नाही." शेवटी पाठीवर तो एवढा विरला की त्यातून बनियन वाचता यायला लागली.

"फरशी पुसायला होईल," बायको म्हणाली.

"माझ्या शर्टानं फरशी पुसणार? त्यापेक्षा गांडुळांना देतो. त्यांना कापड कळतं."

त्यांनी बटणं कापून बटणांच्या बरणीत टाकली, कारण शिंपी बटण कधी फेकत नाही. मग शर्ट इंचाइंचानं फाडला. काजांची पट्टी मात्र फाडवेना. ती अख्खीच तळाशी ठेवली आणि वर केळ्याची सालं घातली.

पुढचे दिवस भराभर गेले. बादलीला आता कुजका नाही, तर पावसानंतरच्या बागेसारखा वास येत होता. मास्तर झाकण आठवड्यातून दोनदाच उघडायचे. टॉवेलांच्या घड्या मोडणं बंद झालं होतं. खालच्या गल्लीत कुणी केळ्याचं साल टाकताना दिसलं की ते वरून ओरडायचे, "अहो, टाकू नका, वर आणा!" लोक आणायचेही.

आणि एका रविवारी सकाळी खत झालं. मास्तरांनी बाल्कनीत उन्हात प्लॅस्टिक अंथरलं आणि बादली उपडी करून छोटे छोटे ढीग केले. उजेड लागला की गांडुळं खाली दडतात. मग वरचं खत ओरबाडून घ्यायचं, थांबायचं, पुन्हा घ्यायचं. काळंभोर, भुसभुशीत, हातातून रव्यासारखं सांडणारं. ना कागद, ना सालं, ना शर्ट. तिसऱ्या ढिगात त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ते उचललं आणि नळाखाली धरलं.

काज होतं. नुसतं काज. भोवतीचं कापड गेलेलं, पण दोऱ्याचा वेढा गाठींनी गाठींना धरून तसाच राहिलेला, मिटल्या डोळ्याएवढा. त्यांनी ढीग चाळून काढले. दोन, तीन, करत सहाही सापडली.

मास्तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. दुकानात सून मशीनवर होती आणि चष्मेवाला "झालं म्हणे खत?" असं विचारायला दारात येऊन उभाच होता. मागोमाग बायको धापा टाकत आली.

"बघा!" मास्तरांनी तळहात पुढे केला. "शर्ट गेला, कॉलर गेली, सगळं खाल्लं त्यांनी, पण माझी काजं नाही मोडली! ह्याला म्हणतात हात! तुमचं ते भिंग द्या जरा."

चष्मेवाल्यानं खिशातलं भिंग काढून दिलं. मास्तरांनी काज उजेडाकडे धरून टाके मोजले. "ह्या बाजूला एकवीस. ह्या बाजूला एकवीस. आहे का एकही कमी-जास्त? टोकाचे टाके बघा कसे पंख्यासारखे उघडलेत. असं काज आज पंचक्रोशीत कुणी घालत नाही. म्हणून म्हणतो, हा हात गेला म्हणजे दुकान गेलं."

सुनेनं मशीन थांबवलं होतं. तिची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

"आणि दोरा तरी कसला," मास्तर रंगात आले होते. "चाळीस नंबरचा सुती. मी काजाला दुसरा दोरा कधी वापरला नाही. दाखवतो." त्यांनी दोऱ्याचं एक सुटं टोक काढलं, काडी ओढली आणि टेकवली.

राख पडली नाही. दोरा आकसला, वितळला आणि टोकाला बारीकसा काळा मणी धरला.

मास्तर मण्याकडे पाहत राहिले. काडी बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती टाकली. मग दुसरं काज घेतलं, दुसरी काडी ओढली. मणी. तिसरं घेतलं नाही. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं. सुती असतं तर गांडुळांनी कापडाबरोबर तेही खाल्लं असतं. त्यांची स्वतःची काजं असती तर बादलीत काहीच उरलं नसतं.

"ही माझी नाहीत," ते म्हणाले.

मग बायकोला हसू आवरेना. ती टेबलाला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "सांग बाई आता," ती सुनेला म्हणाली. "माझं तोंड दोन वर्षं बांधून ठेवलंस, आता तूच सांग."

सून उभी राहिली. "बाबा, तुमची काजं उसवायला लागली होती. धुऊन धुऊन. तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून शर्ट धुवायला आला की मी एक काज सोडवायचे, तुम्ही कसं घातलंय ते टाक्याटाक्यानं बघायचे, आणि तसंच घालायचे. सहा धुण्यांत सहा झाली. सुती दोरा तुमच्या खणात होता. तुमचा खण मी कशी उघडणार? म्हणून दुकानातला साधाच वापरला."

"दोन वर्षं," मास्तर म्हणाले.

"हो."

"म्हणजे दोन वर्षं मी जगाला छाती काढून दाखवत होतो, ती..."

"माझी होती," सून म्हणाली. आणि मग, आवाज आणखी खाली नेऊन, "तुम्ही दाखवायचात तेव्हा मला फार छान वाटायचं."

मास्तरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. आता त्यांना चूक हवी होती. ते बराच वेळ शोधत होते, पण ती सापडेना. उंदराचं ते बोलणंही त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम पडला. "मी तुला एकदा काहीतरी बोललो होतो," ते म्हणाले.

"ते काज वाईटच होतं, बाबा."

"वाईट होतंच," मास्तर म्हणाले. "पण माणसानं तसं बोलू नये."

त्यांनी भिंग चष्मेवाल्याला परत केलं. कमरेची किल्ली काढून खण उघडला. आत रिळं रांगेनं होती. त्यांनी काळ्या रेशमी दोऱ्याचं रीळ निवडलं, खुंटीवरचा कोट काढला, त्यावरची धूळ झटकली आणि दोन्ही सुनेसमोर टेबलावर ठेवलं. मग किल्लीही ठेवली.

"कोटाला रेशमी लागतो. ते तुझं वितळणारं अजिबात चालायचं नाही. वकीलसाहेबांना सांग, गुरुवारी या."

"तुम्ही समोर बसून बघणार असाल तर माझाच हात थरथरेल."

"मी कशाला बसतोय? माझी गिऱ्हाइकं वर उन्हात पडली आहेत."

दारात चष्मेवाल्यानं घसा खाकरला. "मास्तर, मग गाळ्याचं...? खत झालं की सांगतो म्हणाला होतात."

"झालं ना. थांबा, पिशवी भरून आणतो. तुमच्या काउंटरवरचं रोप कधीचं मान टाकून बसलंय, त्याला घाला. भिंग दिलंत त्याबद्दल पहिली पिशवी तुम्हाला."

चष्मेवाला बिचारा भला माणूस. त्यानं एकदा भिंगाकडे पाहिलं, एकदा कोटाकडे, आणि पिशवी घेऊन जायला तयार झाला.

मास्तर वर आले. गांडुळं ढिगांच्या तळाशी गोळा होऊन बसली होती. त्यांनी नवीन कागद भिजवून, पिळून बादलीत अंथरला, त्यांना हलकेच आत सोडलं आणि बटाट्याची सालं घातली. धुतलेली काजं बटणांच्या बरणीत टाकली. त्या शर्टाची सहा बटणंही तिथेच होती.

बायको मागून आली. "काय मग, दुकानाचं काय ठरलं शेवटी?"

"मला काय विचारतेस?" मास्तर म्हणाले. "खाली मालकीण बसली आहे, तिला विचार. आणि जाणारच असशील तर चहाचा चोथा घेऊन ये."